तिचं ‘नाही’ कुणाला उद्देशून होतं?

पत्र असं आहे:

‘ताई, मी प्रसाविका आहे. पाच वर्षं लेबर रूममध्ये काम करते. बाळंतपणात बाईला सन्मानाची वागणूक मिळते का, यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. घरी जायच्या दिवशी प्रत्येकीला मी फॉर्ममधले प्रश्न विचारते. जवळजवळ सगळ्याच म्हणतात, छान होतं, काही तक्रार नाही. पण मी त्याच खोलीत असते, तिथे काय चालतं ते मला दिसतं. न सांगता तपासणं, पडदा न ओढता तपासणं. एका सीनिअर सिस्टरना मांडीवर चापट मारतानाही पाहिलंय.

गेल्या महिन्यात एका नाइटला मीच एका मुलीवर ओरडले. पहिलटकरीण होती, विशीतली. डोकं दिसत होतं, बाळाचे ठोके कमी येत होते आणि ती पाय जवळ घेत होती. मी म्हणाले, “बाळाला मारायचंय का तुला?” बाळ सुखरूप झालं. दोन दिवसांनी तिचाच फॉर्म माझ्या हातात आला. “प्रसूतीच्या वेळी कोणी तुमच्यावर ओरडलं का?” तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही.” मी “नाही”वर खूण केली. तो फॉर्म मी अजून जमा केलेला नाही, पर्समध्येच आहे. त्याचं काय करू? आणि मी हे काम करायच्या लायकीची आहे का?’

---

अगं, तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असशील, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

आधी तो फॉर्म पर्समधून काढ. त्यावर एका बाईचं बाळंतपण लिहिलेलं आहे. नाव नसलं तरी तारीख असेल, वय असेल, बाळाचं वजन असेल, ओळखणारा त्यावरूनही ओळखतो. बाकीचे फॉर्म ज्या कपाटात कुलूपबंद असतात तिथे तो उद्याच जायला हवा. आणि ‘नाही’ खोडून ‘हो’ करायचं मनात आलं असेल (माझ्या मनात नक्की आलं असतं), तर तसं करू नकोस. तुझ्या आठवणीपुढे तिचं उत्तर खोटं ठरत असलं तरी ते उत्तर तिचं आहे. तिच्या जागी तू बोलायचं, ही मुभा तुला त्या रात्रीही नव्हती आणि आजही नाही.

आता ती हे उत्तर देत असताना काय चित्र होतं ते आठव. कॉटच्या कडेला बसली असेल, टाके ओढतात म्हणून एका बाजूवर भार टाकून. मांडीवर बाळ. डिस्चार्जचा कागद अजून हातात यायचाय. आणि समोर पेन घेऊन कोण, तर जी ओरडली तीच, त्याच गणवेशात. तिने आधी तुझ्याकडे पाहिलं आणि मग बाळाकडे, हे तू लिहिलंस ते फार बरं केलंस. त्या दोन नजरांमध्ये तिने हिशेब केला. बाळ धडधाकट आहे, घरी जायचंय, पुढच्या खेपेला याच दारातून आत यायचंय. या सगळ्यातून ते ‘नाही’ आलं. तुझ्या कागदावर मात्र त्यातला फक्त शेवटचा शब्द उतरला.

यात तू एकटी नाहीस. टांझानियात हा प्रकार आकड्यांत दिसला. रुग्णालयातून निघताना बायकांना विचारलं तेव्हा साधारण १९ टक्के जणींनी सांगितलं की बाळंतपणात त्यांना अपमानाची किंवा वाईट वागणूक मिळाली. त्यातल्या काही जणींना काही आठवड्यांनी घरी गाठून पुन्हा विचारलं, तेव्हा हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेलं. तीच रुग्णालयं, तीच बाळंतपणं, बदलली ती विचारण्याची वेळ आणि जागा. घरी गेल्यावर भीती सुटते हे एक. दुसरंही आहे. पहिले दोन दिवस बाई जगली-वाचल्याच्या, बाळ हाती आल्याच्या आनंदात असते. त्या आनंदात बाकी सगळं माफ होतं. रात्री दूध पाजत एकटी जागी असते तेव्हा ते वाक्य पुन्हा कानात येतं. म्हणून घरी मिळालेलं उत्तर मला जास्त विश्वासाचं वाटतं.

म्हणजे तुमच्या अभ्यासात पहिली गोष्ट बदलायला हवी ती विचारणारी व्यक्ती. जी बाळंतपण करते तिने त्याच बाईची मुलाखत घ्यायची नाही. त्याच विभागातल्या दुसरीने घेतली तरी फारसं साधत नाही, गणवेश तोच असतो. बाहेरची, प्रशिक्षण दिलेली बाई हवी, दार लावता येईल अशी खोली हवी आणि शक्य असेल तर वेळ काही आठवड्यांनंतरची हवी. तुझ्या मार्गदर्शकांना हे खर्चाचं वाटेल. वाटू दे. आत्ता जे जमा होतंय त्याला खर्च कमी येत असेल, पण त्यातून काहीच कळत नाहीये.

दुसरी गोष्ट, प्रश्न. ‘समाधानी आहात का?’ या प्रश्नाला बाई बाळाकडे बघून उत्तर देते. ‘चांगली वागणूक मिळाली का?’ याचं उत्तर ती तिच्या अपेक्षेवरून देते, आणि अपेक्षाच नसेल तर सगळं चांगलंच असतं. चापटीबद्दलही तसंच. वेगवेगळ्या देशांतल्या मुलाखतींमध्ये बायका आणि कर्मचारी दोघेही सांगतात की ती बाळाच्या भल्यासाठी होती. म्हणून मत न विचारता घडलेलं विचारावं लागतं. पेशन्स अफुलानी या संशोधिकेने केनियात काम करून २०१७ मध्ये यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीस प्रश्न आहेत, तीन भागांत: मान आणि प्रतिष्ठा, संवाद आणि स्वतःचं स्वतः ठरवता येणं, आणि आधाराची काळजी. प्रश्न किती साधे आहेत बघ. कर्मचाऱ्यांनी स्वतःची ओळख करून दिली का? तुम्हाला नावाने हाक मारली का? तपासण्याआधी परवानगी घेतली का? कशासाठी तपासतोय ते सांगितलं का? हव्या त्या स्थितीत बाळंत होता आलं का? जवळचं माणूस सोबत राहू दिलं का? नुकतंच ‘छान होतं’ म्हणालेली बाई या प्रश्नांवर थांबते आणि आठवून सांगते, ‘नाही, नाव कुणी विचारलं नाही.’ तुमच्या फॉर्ममध्ये असे प्रश्न किती आहेत ते एकदा मोजून बघ.

आता परवानगीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुझ्या पत्राचं मूळ तिथे आहे.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका बाईला आतून तपासायचं होतं. मी हातमोजे चढवले, जेली लावली, पांघरूण सरकवलं आणि मग विचारलं, ‘तपासू ना?’ ती काहीच बोलली नाही. मी त्याला होकार समजले. तपासताना तिची मूठ कॉटच्या लोखंडी दांडीवर इतकी आवळलेली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी ती मूठ पाहिली आणि तरीही तपासणी पूर्ण केली, किती सेंटीमीटर ते लिहिलं आणि पुढच्या कॉटकडे गेले. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘आधी सांगितलं असतं तर मी थोडा श्वास घेतला असता.’ तिने मागितलं एवढंच होतं, एक श्वास. मी विचारलं खरं, पण हात आधीच तयार ठेवून. नकाराला मी जागाच ठेवली नव्हती.

तुझ्या फॉर्मचंही तेच झालंय. तूही विचारलंस, पण ‘हो, तुम्हीच ओरडलात’ असं म्हणायला तिला जागा नव्हती. एरवी ज्या सवयीने आपण परवानगी घेतो, त्याच सवयीने तू मुलाखत घेतलीस. म्हणून मला वाटतं, लेबर रूममध्ये विचारायचं कसं हे तू शिकलीस तर संशोधनातही तुला ते येईल.

असं विचार: ‘माझं नाव अमुक. बाळाची वाट किती मोकळी झालीय ते बघायचंय. त्यासाठी दोन बोटं आत घालून तपासावं लागेल, अर्धा-एक मिनिट लागेल, दाबल्यासारखं वाटेल. ही कळ ओसरली की करूया का? मध्येच नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन.’ हे सगळं मोजे घालायच्या आधी, तिच्या डोक्याजवळ उभं राहून. पडदा ओढलेला. आणि तिने हात वर केला तर खरोखर थांबायचं. वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, मी घड्याळ लावून पाहिलंय. इथे एक जोडून सांगते: तपासण्याच किती होतात तेही बघ. पहिल्या टप्प्यात कळा नीट सुरू झाल्यावर, सगळं सुरळीत असेल तर चार तासांनी एकदा आतून तपासणं पुरेसं आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी म्हणतात. शिकणाऱ्या तिघींनी पाठोपाठ तपासायचं, हे त्यात बसत नाही.

आकडे ऐक. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांतला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २,०१६ बायकांचं बाळंतपण निरीक्षकांनी प्रत्यक्ष पाहिलं. त्यातल्या ४१.६ टक्के जणींना मारहाण, शिवीगाळ-ओरडा किंवा भेदभाव यांपैकी काहीतरी सोसावं लागलं. आतून केलेल्या तपासण्यांपैकी ५९ टक्के संमती न घेता झाल्या. बाळाची वाट रुंद करायला खाली छेद देण्याचं तर विचारूच नकोस, चारातले तीन छेद बाईला न विचारता दिले गेले. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला हे जास्त आलं. तुझी ती विशीतली पहिलटकरीण आठव.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी महत्त्वाची आहे. ओरडणं आणि मारणं दिवसभर सारखं पसरलेलं नव्हतं. बाळ बाहेर येण्याआधीचा अर्धा तास आणि नंतरची पंधरा मिनिटं, यात ते सगळ्यात जास्त होतं. तू ओरडलीस ते याच वेळात. डोकं दिसतंय, ठोके कमी येताहेत, बाई पाय मिटतेय, आणि तुझ्या पोटात भीती. भीती बाहेर पडली ती तिच्यावर. हे मी तुझी बाजू घ्यायला सांगत नाही. तिला ते वाक्य जन्मभर आठवेल, आणि त्यात तिने ऐकलं ते असं: माझं बाळ मेलं तर मीच मारलं. भीती कुठे आणि कधी येते हे ठाऊक असेल तर तिची तयारी आधी करता येते, एवढ्यासाठी सांगतेय.

तयारी म्हणजे काय? शेवटच्या टप्प्यात खोलीत एकच आवाज असावा, हे आधी ठरवून घ्या. चौघी जणी चार बाजूंनी ‘जोर लाव, जोर लाव’ करतात तेव्हा बाईला काहीच कळत नाही. एकीने तिच्या तोंडाजवळ राहायचं, नावाने हाक मारायची, छोटी वाक्यं. ‘बाळाला जरा लवकर बाहेर काढायचंय. कुशीवर वळूया. मी धरते.’ पाय मिटते म्हणजे ती अडून बसलेली नाही, तिला जळजळतंय आणि ती घाबरलीय. पाठीवर झोपवून पाय फाकवायचा हट्ट सोडला तर निम्मी झटापट सुटते. कुठल्या स्थितीत बाळंत व्हायचं ते तिने ठरवावं, आणि तिला आपोआप येईल तसा जोर तिने लावावा, याच शिफारशी आहेत. पोटावरून दाबून बाळ ढकलू नये, सरसकट छेद देऊ नये, याही. आणि खरोखर आणीबाणी आली, खांदा अडकला, तर लांबलचक संमतीला वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. तेव्हा हात चालू असतानाच एका वाक्यात सांगायचं, आणि सगळं निवल्यावर तिच्याजवळ बसून काय झालं, का केलं ते पूर्ण सांगायचं. हे बसणं आपण नेहमी विसरतो.

सोबत कोण होतं गं तिच्या? पत्रात नाही लिहिलंस, म्हणून बहुतेक कुणीच नसावं. सोबतीबद्दलचा पुरावा जुना आहे आणि भक्कम आहे. १९८० मध्ये ग्वाटेमालातला एक छोटा अभ्यास छापून आला. ज्या बायकांजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई सतत बसली होती, त्यांच्या बाळंतपणाला सरासरी ८.८ तास लागले, एकट्या असलेल्यांना १९.३. तो चाळीस जणींचाच होता, म्हणून त्यावर थांबायला नको. पण २०१७ मध्ये १५,८५८ बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही दिशा तीच निघाली: सतत सोबत असेल तर बाळंतपण लवकर होतं, आपसूक होतं, शस्त्रक्रिया कमी लागतात आणि नंतर बाई ‘वाईट अनुभव होता’ असं कमी वेळा म्हणते. एखादं औषध असतं तर ते प्रत्येक कपाटात ठेवलं गेलं असतं. इथे फक्त दार उघडायचंय आणि एक खुर्ची ठेवायचीय. ‘जागा नाही’ हे कारण मी इतक्या वेळा ऐकलंय. एका पडद्याने पुष्कळ प्रश्न सुटतात.

आता त्या सीनिअर सिस्टर. हात उगारलेला दिसला तर त्या क्षणी तू निरीक्षक नाहीस. मध्ये जा. भांडायची गरज नाही, ‘सिस्टर, मी धरते यांना’ म्हणून कॉटच्या त्या बाजूला उभी राहा, बाईचा हात हातात घे. बहुतेक वेळा एवढ्याने हात खाली येतो. मग ड्युटी संपल्यावर त्यांच्याशी एकटीने बोल, आणि पुन्हा झालं तर प्रमुखांना लेखी दे. तुमच्या संशोधनाच्या आराखड्यात ‘माहिती गोळा करताना हिंसा दिसली तर काय करायचं’ हे लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर नैतिकता समितीकडे ते नेणं तुझ्या मार्गदर्शकांचं काम आहे. ‘तू फक्त फॉर्म भर’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

त्या अशा का वागतात? १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी नेमका हा प्रश्न विचारला होता. त्यांना दिसलं ते असं की परिचारिका स्वतःचं वेगळेपण आणि वरचढपण टिकवण्यासाठी बाईला दूर लोटत होत्या, आणि त्यांना जाब विचारणारं कुणी नव्हतं. नंतर २०१६ मध्ये ९३ देशांतल्या २,४७० प्रसाविकांचं म्हणणं एका अहवालात आलं. त्यांचं सांगणं होतं की आम्हालाच कुणी विचारत नाही, वरिष्ठ अपमान करतात, पगार पुरत नाही, ड्युटीवर येता-जाता भीती वाटते. जिला दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही, ती रात्री तीन वाजता दुसरीला नावाने हाक मारेल हे अवघड आहे. म्हणून केनियात हेशिमा नावाच्या कार्यक्रमात (स्वाहिलीत त्याचा अर्थ मान) कर्मचाऱ्यांना नुसती व्याख्यानं दिली नाहीत. त्यांच्या स्वतःच्या थकव्यावर समुपदेशन ठेवलं, गरोदर बायकांना आधीच येऊन प्रसूतिकक्ष बघायला बोलावलं, तक्रार मिटवायची वाट करून दिली. वाईट वागणुकीचं प्रमाण २० टक्क्यांवरून १३ वर आलं. उरलेले १३ मलाही टोचतात. पण खाली येतं हे दिसलं, आणि कशाने येतं तेही.

आणि एकच प्रसाविका किंवा तिची छोटी तुकडी जिथे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत राहते, तिथे तर ओळखच आधी झालेली असते. अशा पद्धतीच्या १७ चाचण्यांचा आढावा २०२४ मध्ये आला. बहुतेक श्रीमंत देशांतल्या आहेत, हे धरूनच वाचायला हवं, तरी चिमटे किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं आणि सिझेरियन तिथे कमी लागलं आणि बायकांचा अनुभव चांगला होता. ज्या मुलीच्या घरी कोण कोण आहे हे तुला पाच महिने ठाऊक आहे, तिला ‘बाळाला मारायचंय का’ म्हणायला तुझी जीभ वळली नसती.

तिची माफी मागायची का, हे तू विचारलं नाहीस, पण ते पत्रभर आहे. माग. पण संशोधनाच्या फॉर्मवरचा तिचा फोन नंबर काढून नाही, तो तिने या कामासाठी दिलेला नाही. ती तपासणीला पुन्हा येईल, तेव्हा तिला चालत असेल तर दोन मिनिटं बाजूला बस. ‘त्या रात्री मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही काहीही चुकीचं करत नव्हतात. बाळाला तुमच्यामुळे काही होत नव्हतं. चूक माझी होती.’ एवढंच. नाइट किती लांबली होती, किती जणी होत्या, हे सांगू नकोस. तिने ‘असू दे’ म्हणावं अशी वाट बघू नकोस. ‘तुमच्यामुळे काही होत नव्हतं’ हे वाक्य मात्र विसरू नकोस, तिला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

लायकीचं विचारलंस. जिला तिची नजर दिसली, तिने ती विसरू नये म्हणून फॉर्म जवळ ठेवला, तिला मी लेबर रूममधून जाऊ देणार नाही. मुलाखती घ्यायचं काम मात्र त्याच विभागात राहून तू करू नकोस, तुझ्या चांगुलपणाशी त्याचा संबंध नाही.

फॉर्मचं असं कर. उत्तराला हात लावू नकोस. वेगळ्या कागदावर लिही: ‘या मुलाखतीत प्रश्न विचारणारी आणि प्रसूती करणारी व्यक्ती एकच होती. प्रसूतीच्या वेळी मी बाईवर ओरडले होते.’ तारीख घाल, सही कर, फॉर्मसोबत मुख्य संशोधकांच्या हातात दे आणि मिळाल्याची सही घे. याआधीचे किती फॉर्म असेच तू स्वतः केलेल्या बाळंतपणांचे आहेत, त्यांची यादीही त्याच दिवशी दे.